आणखी थोडं लहान

१

"…बाळ म्हणे दिवसेंदिवस लहान होत चाललंय. आणि ती स्वतःच—"

एवढं कानावर पडलं आणि नेमका खाली पाण्याचा पंप सुरू झाला.

टेपमावशी जिन्याच्या वळणावर भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. खाली पार्लरवाली आणि दुसऱ्या मजल्यावरची शाळामास्तरीण बोलत होत्या, डोक्याला डोकं लावून. अशा वेळी बाकीच्या बायका खाकरतात आणि पुढे जातात. मावशींनी चपला काढून हातात घेतल्या आणि हळूच खाली उतरल्या. पण पंपाच्या घरघरीत पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. पंप थांबेपर्यंत पार्लरवाली आत गेली होती आणि मास्तरीण वर येत होती.

"काय मावशी, चपला हातात?"

"अंगठा तुटलाय गं," मावशी म्हणाल्या. अंगठा चांगला शाबूत होता.

टेपमावशी हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलेलं. गळ्यात सदा मापाची टेप, अगदी दूध तापवतानासुद्धा. त्या नवं काही शिवत नसत. लोकांचे कपडे मापात आणून देत. पँट आखूड कर, कंबर सैल कर, बाही आत घे. कुणाची ढेरी सुटलीय, कोण काळजीने उतरलंय, हे त्या माणसाच्या घरच्यांआधी मावशींना कळायचं. त्यांना चौकशा करायची हौस होती हे खरं, पण कुणाच्या घरी आजारपण आलं तर पहिलं पातेलंही त्यांचंच पोचायचं.

बिल्डिंगमध्ये तान्हं बाळ एकच होतं, मावशींच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे 'कुणाचं बाळ' हा प्रश्नच नव्हता. प्रश्न उरला तो 'ती स्वतःच' याच्या पुढचा.

"ती स्वतःच काय करत असेल हो?" त्यांनी घरी येऊन नवऱ्याला विचारलं.

मावशींचे यजमान रिटायर्ड वायरमन. उजवा कान कामातून गेलेला, डाव्याची खात्री नाही.

"कोण?"

"शेजारची."

"मला काय विचारतेस? तुझी भिंत आहे की. आपण पेपर बंद केला तरी चालेल, तू नुसती भिंत वाचत जा."

२

आता योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा, त्याच दुपारी बेल वाजली.

दुपारची वेळ म्हणजे मावशींची कामाची. मशीन त्या मधल्या भिंतीलाच टेकवून ठेवलेलं, खिडकीचा उजेड डावीकडून यावा म्हणून. वायरमन जेवून आडवे झालेले. रस्त्यावर एखादी स्कूटर गेली तर तेवढाच आवाज.

दारात शेजारची उभी. केस नीट विंचरलेले, गाऊन धुतलेला, हातात घडी केलेलं पांढरं झबलं. मलमलीचं, गळ्याला निळी पट्टी, पुढे एक बटण.

"मावशी, हे जरा लहान करून द्याल?"

"लहान?" मावशी हसल्या. "अगं वेडे, बाळाचे कपडे कुणी लहान करतं का? आज ढगळ दिसलं तरी पोर डोळ्यांदेखत भरतं त्यात. राहू दे तसंच."

"मोठं होतंय त्याला."

बोलणं अगदी गोड. बँकेत फोन केला की पलीकडून कसा आवाज येतो, तसं. सगळे शब्द जागच्या जागी, फक्त बोलणारं माणूस तिथे नाही असं वाटावं.

"ये ना आत. चहा टाकते."

"नको. बाळ उठेल."

मावशींनी झबलं आत घेतलं. मात्र कापड कापलं नाही. लहान पोराचं कापड कापायचं नाही, आत दुमडून ठेवायचं, म्हणजे उद्या उसवून वाढवता येतं, ही त्यांची पहिल्यापासूनची पद्धत. संध्याकाळी सांगितल्या वेळेला झबलं तयार होतं. मावशींचं काम कधी 'उद्या या' म्हणत नसे. सगळ्या गल्लीतले शिंपी उद्यावर जगत होते, मावशी तेवढ्या आजच्या होत्या, आणि त्याचा त्यांना फार गर्व होता.

झबलं घेताना शेजारचीने ते छातीशी धरलं आणि दोन्ही बाह्यांच्या आत बोट घालून पाहिलं. बाही थंड आहे का गरम, असं पाहावं तसं.

३

तेच झबलं परत आलं. आणखी थोडं लहान.

मग पुन्हा. आणखी थोडं.

मावशी म्हणायच्या, "अगं, बाळाला एकदा घेऊन ये. अंदाजाने किती घेऊ आत?" ती म्हणायची, "झोपलंय." मग खूण दाखवायची, कुठवर आत घ्यायचं तिथे टाचणी लावूनच आणायची, बाह्यांना, पोटाला, खांद्याला. टाचण्या एकदम काटेकोर. अंगावर घालून लावल्यासारख्या.

त्या बारीक अंगावर टाचण्या लावताना हिचा हात कसा धजत असेल, असं मावशींच्या मनात आलं आणि त्यांनी ते झटकून टाकलं.

पण एक गोष्ट झटकता येईना. जन्मभर लोकांनी वापरलेले कपडे हाताळलेल्या बाईला नुसतं धुतलेलं कापड आणि घातलेलं कापड यांतला फरक अंधारातही कळतो. घातलेल्या कपड्याला कोपरापाशी चुण्या पडतात, बारीक, आडव्या. गळ्याच्या पट्टीवर घामाची पिवळट कड येते. काखेपाशी कापड मऊ पडतं. त्या झबल्याला हे सगळं होतं, आणि प्रत्येक वेळी नव्या, लहान मापाच्या जागी होतं. चुण्या मावशींनी मागल्या वेळी बाही जिथे आणली होती, त्याच्या बरोबर मधोमध.

म्हणजे ते कुणीतरी घालत होतं.

म्हणजे त्या घरात जे होतं, ते खरंच तेवढं होतं.

त्या दिवशी मावशींना जेवण गेलं नाही. 'ती स्वतःच' याच्यापुढे काय होतं ते आता त्यांना कळल्यासारखं वाटत होतं. ती स्वतःच दूध देत नाही. ती स्वतःच उपाशी ठेवते. भिंतीपलीकडून शेजारचीचा आवाज यायचा, "शू… शू… शू…" एकसारखा. पूर्वी मावशींना तो गोड वाटायचा. आता त्यांनी मशीनचं पायडल थांबवून कान दिला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण बाळाचं रडणं फारसं ऐकलेलंच नाही. नुसतं गप्प करणंच ऐकतोय.

"अहो, काहीतरी करायला हवं."

"वाटीभर साखर मागायला जा," वायरमन डोळे न उघडता म्हणाले. "दर वेळी तेच तर करतेस."

४

साखरेची वाटी घेऊन मावशी गेल्या. दार उघडलं ते शेजारचीच्या नवऱ्याने. त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत, कारण तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता आणि यांच्या बिल्डिंगला मात्र लिफ्ट नव्हती. त्याच्या कडेवर बाळ होतं.

मावशी बघतच राहिल्या.

गुबगुबीत पोरगी. गाल असे की नाक शोधावं लागावं. मनगटाला वळ्या, हनुवटीला वळ्या. अंगातलं झबलं पोटावर ताणून बटण कसंबसं टिकलेलं. तिने मावशींची टेप पकडली आणि थेट तोंडात घातली.

"ही… चिमी?"

"चिमी कसली, ठमी झालीये," लिफ्टवाला खुशीत म्हणाला. "डॉक्टर म्हणाल्या वजन झकास आहे. काल माझी आई येऊन गेली, तिचा तर हात भरून आला घेऊन घेऊन."

मावशींच्या जिवात जीव आला. त्यांनी चिमीला घेतलं, मुके घेतले, पायाचे तळवे गालाला लावले. झोपते का नीट, दूध ओकते का, डोळे कुणावर गेलेत, सगळी चौकशी झाली. लिफ्टवाल्याने फोनमधले फोटो दाखवले. दोघं खिदळले. साखर कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

निघताना मावशी वळल्या आणि दचकल्या.

खोलीच्या कोपऱ्यात, वाळत घातलेल्या लंगोटांच्या दोरीमागे, खुर्चीवर शेजारची बसलेली होती. पहिल्यापासून. हात मांडीवर, नजर समोर.

"अगं बाई, तू इथेच आहेस? बोलली नाहीस ती!"

"तुम्ही बाळाशी बोलत होता," ती म्हणाली.

तिच्या मागे आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती अशी बसली होती की त्या दाराला पाठ लागलेली असावी.

घरी येऊन मावशी मशीनपाशी बसल्या आणि सुई ओवता ओवता त्यांचा हात थांबला. चिमीच्या पोटावर ताणलेलं ते झबलं. ते तर वेगळंच होतं, पिवळं. मग ते पांढरं कुणाचं?

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी खिडकीतून पाहिलं. लिफ्टवाला बाबागाडी ढकलत होता, बाजूने शेजारची चालत होती, दवाखान्याच्या दिशेने. बाबागाडीतून चिमीचा एक मोजा घातलेला पाय वर आला होता. तिघंही होते. मावशींनी ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं.

मग त्या मशीनवर बसल्या. शर्टाची एक शिवण मारली. थांबल्या.

शू… शू… शू…

भिंतीपलीकडून. मापात, सावकाश.

मावशी उठल्या, बेसिनचा नळ पाहिला. बंद. मोरीतला पाहिला. बंद. पाइप असणार. जुन्या बिल्डिंगचे पाइप काय वाटेल ते आवाज काढतात. पाणी वर चढताना शीळ घालतात, उतरताना ढेकर देतात. त्यांनी स्वतःला हे सगळं समजावलं, अगदी मोठ्याने, आणि मशीन जोरात पळवलं. मशीन थांबलं की पाइप सुरू व्हायचा.

"अहो, उठा ना. ऐका जरा."

वायरमननी मोठ्या आज्ञाधारकपणे डावा कान भिंतीला लावला. बराच वेळ ठेवला.

"काही येतंय?"

"भिंत गार आहे," ते म्हणाले. मग हात खाली सरकवत, "इथे मात्र कोमट आहे."

त्यांनी हात ठेवला होता तो खाली, जमिनीपासून वीतभर वर. तिथे पलीकडे काय असेल? मावशींनी घराचा नकाशा मनात फिरवला. आतली खोली. कपाट. कपाटाचा सगळ्यात खालचा खण.

"वायर गेली असेल आतून," वायरमन म्हणाले. पण हात काढून घेतला, आणि घेतल्यावर लुंगीला पुसला.

६

ती पुन्हा आली तेव्हा मावशींनी दार उघडायला उशीर लावला.

झबलं आता तळहाताएवढं होतं. बाही करंगळीत बसेल अशी. टाचण्या मात्र तशाच काटेकोर.

"आणखी थोडं," ती म्हणाली. "हे बहुतेक शेवटचं."

"अगं पण," मावशी म्हणाल्या, "चिमी तर चांगली…"

"चिमीचं नाही हो. चिमीला सगळे आहेत." तिने हे अगदी समजूत घातल्यासारखं सांगितलं. "हे जे मी आणलं ना हॉस्पिटलमधून, ते. ते कुणी बघतच नाही. आधी रडायचं. मग कमी कमी होत गेलं. मी पुष्कळ जपलं, मावशी. पण होतच चाललंय."

"आणि शेवटचं म्हणजे?"

"मग त्याला कपडे लागायचे नाहीत. मग मी मोकळी."

"मोकळी म्हणजे?"

ती हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण ओठ आधी अडकले. "मोकळी म्हणजे मोकळी, मावशी. चिमीचे कपडे धुऊन ठेवलेत, बाटल्या उकळून ठेवल्यात. संध्याकाळी मिळेल ना हे? तुम्ही कधी उशीर करत नाही."

झबलं द्यायला तिने हात पुढे केला तेव्हा गाऊनची बाही कोपराच्या वर सरकली. मावशींनी तो हात पाहिला. मग गाऊन पाहिला. खांद्यापाशी आतून टाचण्या लावल्या होत्या. कमरेला पिन, काखेत पिन. सगळा गाऊन आत घेतलेला. गळ्याची हाडं अशी वर आलेली, की पट्टी त्यांच्यावर टांगलेली होती. सगळ्या गल्लीचं अंग नुसत्या नजरेने मापणारी बाई, आणि दारात इतक्या वेळा उभ्या राहिलेल्या या पोरीकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. झबल्याकडेच पाहिलं होतं.

"देते हो," मावशी म्हणाल्या. "संध्याकाळी ये. मात्र माझ्याकडेच ये हं. मी आणून देणार नाही, तूच यायचं."

दार लावलं आणि त्या थेट फोनकडे गेल्या.

पहिला फोन कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना. त्यांचे पांढरे कोट मावशीच आखूड करून देत. मावशींनी सगळं सांगितलं; झबलं, टाचण्या, 'मोकळी'. भिंतीचं तेवढं गाळलं.

"मावशी, नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत, 'होतं असं बाळंतपणात' असंही म्हणाल्या नाहीत. "हे आजारपण आहे आणि बरं होणारं आहे. पण आज तिला एकटं सोडायचं नाही. एक मिनिटही नाही. बाळालाही नाही. नवऱ्याला बोलवा. मी हातातले पेशंट उरकून निघते, मोठ्या हॉस्पिटलला कळवते. आणि तिला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का."

"असं तोंडावर?"

"तोंडावरच. विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही."

दुसरा फोन लिफ्टवाल्याला. तो कुठल्याशा उंच इमारतीत वरच्या मजल्यांमध्ये लोंबकळत होता. फोन ऑफिसातल्या माणसाने घेतला. "निरोप देतो बाई, पण तो खाली उतरला की." मावशी ओरडल्या, "मग उतरवा त्याला! लिफ्टच आहे ना ती?"

राहिले वायरमन. त्यांना उठवून, स्क्रूड्रायव्हर हातात देऊन शेजारच्या दारात बसवलं.

"काय करू?"

"त्यांची बेल दुरुस्त करा. दार उघडंच ठेवा आणि आत लक्ष ठेवा."

"बेल चांगली आहे की."

"मग बिघडवा, आणि मग दुरुस्त करा!"

इतक्या वर्षांत वायरमन पहिल्यांदाच एका शब्दानेही न बोलता उठले.

७

संध्याकाळचा उजेड खिडकीत तांबूस झाला तेव्हा ती आली. एकटी.

"झालं?"

मावशींच्या समोर झबलं पडलं होतं. एक बाही उसवून नव्या मापात लावलेली, दुसरी उसवून सुटीच. त्या एका बाहीनंतर हात त्याला लागला नव्हता.

"नाही गं बाई," मावशी म्हणाल्या. "काज राहिलंय. बाहीही राहिलीये."

आपल्या कामाबद्दल असं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. ते किती सोपं होतं याचंच त्यांना नवल वाटलं.

ती गोंधळली. संध्याकाळी झबलं मिळणार, यापुढे तिने काही योजलं असावं, आणि आता मधली पायरीच काढून घेतली होती. "पण… आज हवं होतं."

"आज नाही होणार. दोरा जुळत नाहीये. उद्या बघते. बस ना जरा."

ती बसली. खुर्चीच्या कडेवर, कुणी उठवेल अशी.

"चिमी कुठे आहे?"

"झोपलीये."

मावशींनी टेप गळ्यातून काढून बाजूला ठेवली. तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवलं आणि मग सगळं टाकून सरळ विचारलं, "पोरी, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

पलीकडे, दारात, स्क्रूड्रायव्हरचा आवाज थांबला.

"मरावंसं नाही वाटत," ती म्हणाली. बँकेतला आवाज गेला होता. हा जाडसर, झोप न झालेला आवाज तिचा असावा. "संपावंसं वाटतं. दुखणार नाही असं. हळूहळू आत घेत घेत. सगळे येतात, चिमीला घेतात. मी चहा ठेवते. चहाचे कप उचलते. परवा सासूबाई माझ्या मांडीवर त्यांची पर्स ठेवून गेल्या. बघितलं नाही हो त्यांनी, खुर्ची रिकामी वाटली त्यांना."

मावशींनी तिचा हात धरला.

आणि तेव्हा भिंतीतून ते आलं.

शू… शू… शू…

ती इथे बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते. मावशी ओठांकडे बघतच होत्या.

पाइप आहे, म्हणावं. पाणी चढतंय, म्हणावं. शहाणं माणूस तेच म्हणालं असतं. पण तिने मावशींचा चेहरा पाहिला होता.

"तुम्हालाही ऐकू येतं?"

मावशींच्या मनात डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. हो म्हणावं तर आजाराला खतपाणी. नाही म्हणावं तर ही पोर जगात पुन्हा एकटी.

"येतं," मावशी म्हणाल्या. "बरेच दिवस येतंय."

ती एकदम फुटली. आधी नुसते खांदे, मग पोटातून. मावशींच्या मांडीवर डोकं घालून, तोंड उघडं टाकून रडली. तिचं रडणं तान्ह्या पोरासारखं होतं, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं. मावशी पाठ थोपटत राहिल्या. पाठीचा एकेक मणका हाताला लागत होता.

"अहो," त्यांनी हाक मारली. "इकडे या. हिच्यापाशी बसा. मी चिमीला घेऊन येते."

८

शेजारचं घर एवढं आवरलेलं होतं की पाहुणा निघून गेल्यावरची खोली वाटावी. बाटल्या ओळीने पालथ्या. लंगोट घडी करून. चिमी बाहेरच्या पाळण्यात हात पसरून झोपली होती. मावशींनी तिला खांद्यावर घेतलं. तिचं वजन, तिचा आंबूस दुधाचा वास. हे खरं. हे धरून ठेवावं आणि निघावं.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

मावशींचा स्वभाव तुम्हाला एव्हाना ठाऊक झाला आहेच. त्या दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याच्या आत पाय घातला नाही.

पडदा ओढलेला. कपाटाचा खालचा खण बाहेर ओढलेला, त्यात टॉवेल, टॉवेलवर लहानशी कापसाची उशी. त्या उशीत एक खळगा होता. मूठभर. एका बाजूला डोक्याचा गोल, खाली अंगाचा.

आवाज नव्हता. मावशींना वाटलं होतं आवाज असेल.

त्या बघत असतानाच तो खळगा भरून यायला लागला. कुणी उठून गेल्यावर गादी कशी वर येते, तसा. आधी पायांकडून, मग पोट, मग डोक्याची गोल जागा. सावकाश. उशी सपाट झाली.

चिमी खांद्यावर जागी झाली. तिने मावशींच्या मागे, जमिनीच्या बाजूला कुठेतरी पाहिलं आणि हसली.

मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. त्या थेट बाहेर आल्या. जिन्यात लिफ्टवाल्याची धावती पावलं आणि त्यामागे डॉक्टरीणबाईंच्या चपलांचा आवाज वर येत होता.

९

हॉस्पिटलात ती बरेच दिवस होती. चिमीही तिच्याजवळच होती. तिथे आईला आणि बाळाला एकत्र ठेवायची सोय होती. मग तिची मोठी बहीण येऊन राहिली, चांगली दांडगी बाई, आल्या आल्या पाहुण्यांना म्हणायची, "बाळाला नंतर बघा, आधी माझ्या बहिणीला विचारा कशी आहेस." लिफ्टवाल्याने रजा घेतली. औषधं वेळच्या वेळी तोच देतो. पहिल्यांदा भेटला तेव्हा मावशींच्या पाया पडला आणि मग जिन्यावर बसून रडला. "मी रोज फोटो काढत होतो हो मावशी. एकाही फोटोत ती नाहीये. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

प्लंबरने मधल्या भिंतीतला एक पाइप बदलला. तेव्हापासून आवाज नाही. म्हणजे पाइपच असणार.

पार्लरवालीला मावशींनी जिन्यात गाठलं. "तू त्या दिवशी काय म्हणत होतीस? बाळ लहान होत चाललंय, आणि ती स्वतःच… पुढे काय?"

"कोण, ती?" पार्लरवाली जरा ओशाळली. "ती स्वतःच सांगत फिरतेय, असं म्हणत होते. माझ्याकडे केस धुवायला आली होती. आरशात बघून म्हणाली, ताई, बाळ लहान होत चाललंय, काय करू? मास्तरीणबाईंनाही म्हणाली होती. दूधवाल्यालाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, वरचं दूध सुरू कर."

म्हणजे ती कुणाला उपाशी ठेवत नव्हती, काही लपवतही नव्हती. दारोदार जाऊन सांगत होती, आणि सगळ्यांनी ते एकमेकींना सांगितलं होतं. बाळही लहान होत नव्हतं. अफवेतलं एवढं खोटं निघालं. पण लहान काहीतरी होत होतं, ते मावशींनी स्वतःच्या हाताने आत घेतलं होतं.

परवा दुपारी ती आली. गाऊनला टाचण्या नव्हत्या. चेहऱ्यावर थोडं मांस चढलं होतं. चिमी कडेवर मावत नव्हती. हातात चिमीचा पिवळा फ्रॉक.

"मावशी, हा सैल करून द्या. हिचं पोट बघा."

"आईवर नको जाऊ दे हिला, आमच्या ह्यांच्यावर जाऊ दे," मावशी म्हणाल्या, आणि वायरमननी आतून विचारलं, "कुणाचं पोट?" ती हसली. ओठ अडकले नाहीत. मग तिची नजर मशीनकडे गेली.

"ते झालं का हो?"

कुठलं, हे मावशींनी विचारलं नाही. "नाही गं. काज राहिलंय अजून."

 चिमीने तिच्या कानातली रिंग ओढली, तिने सवयीने ती सोडवली.

"असू दे," ती म्हणाली. "घाई नाही."

ती गेल्यावर मावशींनी फ्रॉक घेतला, आत दुमडलेलं कापड उसवलं. मग उठून कपाटावरचा बटणांचा डबा काढला. त्या संध्याकाळपासून तो कुणी उघडला नव्हता. तळाशी ते झबलं होतं, एका बाहीचं, काज नसलेलं, या मापात कुणाच्याही अंगावर कधी न गेलेलं.

लावलेल्या बाहीला, बरोबर मधोमध, बारीक आडव्या चुण्या होत्या. आणि बाही, मावशींनी लावली होती त्याहून, किंचित ताणलेली दिसत होती. आतून भरल्यासारखी.

टेप गळ्यातच होती. मावशींनी ती लावली नाही. डबा बंद करून वर ठेवला, आणि मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतलं.